रिकाम्या पाटाशेजारची नवरी

आमच्या लग्नाचे दोन फोटो आहेत. एक भिंतीवर असतो, एक पेटीत. भिंतीवरच्या फोटोत हे हललेले आहेत आणि मी खांबासारखी ताठ. पेटीतल्या फोटोत मी एकटीच आहे. शेजारी पाट मांडलेला आहे, पाटावर अक्षता सांडल्या आहेत, आणि नवरा नाही. नवरा कुठे गेला म्हणून कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. तो फोटो काढतो आहे.

हे म्हणजे माझे यजमान. आमच्या वेळी नवऱ्याचं नाव घेत नसत, आणि आता घ्यायला जीभ वळत नाही. रत्नागिरीत ह्यांचा फोटोचा स्टुडिओ होता. स्वतःच्या लग्नात फोटो काढायला ह्यांनी चिपळुणाच्या एका मित्राला सांगून ठेवलं होतं. त्या मित्राची मोटार वाटेत बिघडली आणि तो दुसऱ्या दिवशी उरलेलं जेवायला पोचला. कॅमेरा मात्र ह्यांचाच. तो वऱ्हाडाबरोबर आदल्या दिवशीच आमच्या गावी येऊन स्टँडसकट मांडवात उभा होता.

अक्षता पडल्या, हार घालून झाले, आम्हाला पाटांवर बसवलं. भटजी पुढच्या तयारीत होते तेवढ्यात हे "एक मिनिट हां" म्हणाले आणि उठले. कपाळाला मुंडावळ्या, अंगावर उपरणं, आणि गेले ते थेट कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालून उभे राहिले. मांडवात आधी कुणाला काही कळेना. मग कुजबुज सुरू झाली. माझ्या मागे बसलेली आत्या म्हणाली, "नवरा पळाला की काय गो?" ह्यांच्याकडची एक बाई मला ऐकू जाईल अशा बेताने शेजारणीला म्हणाली, "नवरा फोटोग्राफर मिळाला ते बरं झालं हो. खड्डे बुजवून घेईल."

खड्डे म्हणजे माझे. सहाव्या वर्षी मला देवी आल्या. जीव वाचला, डोळे वाचले, चेहरा गेला. त्यामुळे चार ठिकाणांहून नकार आले होते आणि पाचवं स्थळ ह्यांचं. ह्यांनी होकार कसा दिला याचं आमच्या गावाला कोडं होतं, मलाही होतं. त्या बाईने ते एका वाक्यात सोडवून टाकलं. ते वाक्य मी विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

त्या वेळी मला काय वाटलं ते मला पक्कं आठवतं. लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आला. भर मांडवात रिकाम्या पाटाशेजारी मला एकटीला बसवून हा माणूस कापडात शिरला आहे, याचा राग. हे बाहेर आले, कॅमेऱ्याला नळीने जोडलेला रबरी फुगा हातात घेतला आणि दाबला, म्हणजे फोटो निघाला. मग थोरल्या नणंदेच्या यजमानांना फुगा कसा दाबायचा ते शिकवलं, धावत येऊन पाटावर बसले, आणि दुसरा फोटो निघाला. तो भिंतीवरचा.

पहिल्या फोटोची एकच प्रत तेव्हा काढली होती. सासूबाईंनी ती पाहिली आणि सरळ चुलीत घातली. "नवरीच्या शेजारी रिकामा पाट? असला अपशकुन घरात नको हो," म्हणाल्या. मी ती प्रत पाहिली नाही, पाहायची इच्छाही नव्हती. काच तेवढी ह्यांनी त्यांच्या सामानात कुठेतरी लपवली. तेव्हा निगेटिव्ह काचेवर असायची.

लग्नानंतर चार महिन्यांत मी रिटचिंग शिकले. खिडकीशी एक उतरतं लाकडी मेज होतं, मध्ये भोक, भोकाखाली आरसा. काच त्यावर ठेवायची, आरशातून उजेड खालून वर येतो. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. गोरा गाल काळा, काळे केस पांढरे. गालावर जिथे जिथे बारीक सावली पडते, वण, पुटकुळी, सुरकुती, तिथे काचेवर पारदर्शक टिंब उमटतं. सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने ते टिंब भरत जायचं, की छापल्यावर वण दिसत नाही. वणाच्या कडेवर उजेड पडून जो ठिपका उठतो तो बारीक सुरीने खरवडायचा. हे मला शिकवायला बसले आणि महिनाभरात माझा हात त्यांच्यापेक्षा साफ झाला. त्यांनी ते कबूलही केलं. त्यानंतर रत्नागिरीच्या आसपास ज्या मुलींची लग्नं झाली त्यांच्या गालांवरून माझी पेन्सिल फिरली आहे. त्या बाईचं वाक्य असं खरं ठरलं, फक्त खड्डे बुजवणारी मीच निघाले.

एकदा मात्र चांगलीच फजिती झाली. आतल्या एका गावची नवरी होती, हनुवटीवर तीन काळे ठिपके. मी ते डाग समजून स्वच्छ भरून टाकले. फोटो न्यायला मुलीची सासू आली. फोटो उजेडात धरला, परत माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बाय, ही आमची नवरी नाय. आमच्या नवरीला गोंदान हाय." मी किती समजावलं की चेहरा तोच आहे. "आसंल," ती म्हणाली, "पन आमची नाय." शेवटी काच टर्पेंटाईनने पुसून पुन्हा छापावं लागलं. पेन्सिल पुसता येते, हे बरं असतं. सुरीचं तसं नाही. खरवडलेलं गेलं ते गेलं.

लग्नाला सहा-सात वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. गणपती जाऊन आठवडा झाला होता, लग्नसराईला अवकाश होता. मुंबईच्या छायाचित्रकारांच्या एका मंडळाचं पत्रक टपालाने आलं. स्पर्धा होती, विषय 'विवाह', प्रत्येकाने तीन फोटो पाठवायचे, परीक्षक प्रत्येक फोटोवर अभिप्राय लिहून देणार. ह्यांनी ते पत्रक दिवसातून चार वेळा वाचलं. बक्षिसाचं त्यांनी नाव काढलं नाही. "अभिप्राय देणार आहेत," एवढंच म्हणत राहिले. गावात ह्यांना सगळे 'फोटोवाले' म्हणत, भांडीवाले म्हणावं तसं. जाणत्या माणसाने आपलं काम बघावं आणि चार शब्द लिहावेत, असं कधी झालं नव्हतं. त्यांना ते किती हवं होतं हे मला दिसत होतं, म्हणून मीही मनापासून कामाला लागले.

मी पेट्या बाहेर काढल्या. काचांना बुरशी धरू नये म्हणून प्रत्येक पेटीत मी चुन्याच्या खड्यांची पुरचुंडी ठेवायची, तरी दोन लग्नं बुरशीने खाल्ली होती. उरलेल्यांच्या प्रती घरभर पसरल्या आणि निवड सुरू झाली. निवड कसली, सावळा गोंधळ. सासूबाईंच्या मते ज्यात माणसं जास्त तो फोटो चांगला. त्या बोटाने डोकी मोजायच्या. माझ्या मते ज्यात नवरीचा चेहरा नितळ तो चांगला. आणि हे प्रत्येक फोटो हातात घेऊन उलटा करायचे. डोकं खाली, पाय वर. तसा धरून डोळे बारीक करून बघत बसायचे आणि बाजूला ठेवायचे. का ठेवला, का उचलला, काही सांगत नसत. एखाद्या फोटोत मला काही दिसतं आहे असं वाटावं, तोच ह्यांनी तो उलटा करावा आणि मला मघाशी काय दिसलं होतं तेच विसरायला व्हावं. तिसऱ्या दिवशी चांगलं काय नि वाईट काय हेच मला कळेनासं झालं.

दोन फोटो कसेबसे ठरले. एक खाडीकाठच्या गावातला, मुसलमान नवरदेवाचा. डोक्यावरून गुडघ्यापर्यंत फुलांचा सेहरा, चेहरा काडीचाही दिसत नाही, आणि बोटीवर खलाशी असलेला थोरला भाऊ त्या फुलांच्या आत तोंड घालून काहीतरी सांगतो आहे. परवानगी विचारायला हे गेले तर नवरदेवाचे वडील म्हणाले, "पाठवा की. वळखणार कोन त्याला?" रिटचिंगचा त्यात प्रश्नच नव्हता, त्यामुळे मला तो फोटो फार आवडायचा. दुसरा तरीवरचा, होडीच्या धक्क्यावरचा. लग्न लागून खाडी ओलांडणारं वऱ्हाड, होडीत चढताना नवरीने एका हाताने शालू उचललाय आणि दुसऱ्या हाताने तांब्या घट्ट धरलाय. त्यावर सासूबाईंचंही एकमत झालं, कारण होडीत तेवीस डोकी होती.

तिसऱ्यासाठी माझ्या मनात एकच फोटो होता. कलमांच्या बागा असलेल्या एका बागायतदाराची मुलगी. तिच्या भुवईवर लहानपणी पडल्याचा व्रण होता, गालावर पुटकुळ्या होत्या, डोळ्यांखाली काळं होतं. त्या एका काचेवर मी चार दिवस बसले होते. फोटो बघून तिच्या आईला रडू आलं होतं. एवढं चांगलं काम माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं. मी तो फोटो ह्यांच्यापुढे ठेवला.

ह्यांनी तो उलटा केला, सुलटा केला आणि खाली ठेवला. मग आत गेले आणि जुन्या फडक्यात गुंडाळलेली एक काच घेऊन आले. "ही पाठवू या," म्हणाले.

मी उजेडात धरली. पाट ओळखू आला, पाटावरच्या अक्षता ओळखू आल्या. शेजारची काळ्या चेहऱ्याची बाई कोण ते मग कळलं.

"ही नको," मी म्हटलं.

"का?"

"का म्हणून काय विचारता? माझा चेहरा मुंबईच्या लोकांपुढे मांडायचा? आणि त्यांनी अभिप्राय द्यायचे?"

"फोटो चांगला आहे."

"काय चांगलं आहे त्यात?"

ह्यांना ते सांगता येईना. ह्यांचं नेहमी असंच. बोलायची वेळ आली की माणूस कापडात शिरतो. "आहे चांगला," पुन्हा तेच म्हणाले. मी बागायतदाराच्या मुलीचा फोटो पुढे केला. तेव्हा जे बोलले ते बोलायला नको होतं. म्हणाले, "ते तुझं काम आहे गो. स्पर्धा फोटोंची आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सात वर्षं डोळे फोडून पेन्सिली झिजवल्या, त्याचं हे फळ. सासूबाई आतून म्हणाल्या, "तो रिकामा पाट जगाला कशाला दाखवतोस रे?" त्या दिवशी पहिल्यांदा मी नि सासूबाई एका बाजूला होतो.  ह्यांनी फडक्यातली काच इतर दोन काचांच्या शेजारी ठेवली, म्हणजे ठरलं.

मला समजेना की ह्यांच्या मनात काय आहे. गावच्या सगळ्या मुलींचे वण आम्ही घालवायचे, आणि ह्यांच्या बायकोचे तेवढे मुंबईला पाठवायचे? वाटलं, कीव यावी म्हणून पाठवतात की काय. देवीच्या वणांची नवरी आणि शेजारी कुणी नाही, असं बघून परीक्षक हळहळतील. मग वाटलं, ह्यांच्यात एवढी अक्कल नाही. मग वाटलं, असेलही. नवऱ्याबद्दल असं काही मनात आलं की स्वतःचीच भीती वाटते. मला वाटली.

त्याच आठवड्यात हे दापोलीला गेले. तिथल्या एका शाळेत मास्तरांच्या निरोपाचा ग्रुप फोटो होता, एस.टी.ने जाऊन यायचं म्हणजे दोन दिवस. ह्यांची गाडी सुटली असेल-नसेल, मी ती काच मेजावर ठेवली. फोटो पाठवायचाच ना? मग माझ्या हाताखालून जाऊन पाठवायचा. जे दुसऱ्यांच्या मुलींना मिळतं ते मला का मिळू नये?

काळ्या तव्यावर पिठाचे कण सांडावेत तसा माझा चेहरा दिसत होता. मी कपाळापासून सुरुवात केली. दुपारपर्यंत कपाळ झालं, नाक झालं. मग भिंगातून तोंडाशी आले आणि गोंधळले. ओठ उघडे होते. निगेटिव्हवर दात काळे दिसतात, तसे काळे दात दिसत होते. म्हणजे मी रडायच्या बेतात होते, की दातओठ खात होते? रागच आला होता, तेव्हा तसंच असणार, असं म्हणून मी पुढे गेले. उजवा गाल झाला. डाव्या गालावर सगळ्यांत मोठा खड्डा होता, लांबट, आणि त्याच्या खालच्या कडेला उजेडाची जाड रेघ होती. पेन्सिलीने खड्डा भरला तरी ती रेघ दिसत राही. मी सुरी घेतली आणि रेघ खरवडून काढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काच उजेडात धरली तेव्हा कुठे एक टिंब राहिलेलं नव्हतं. बागायतदाराच्या मुलीपेक्षा सरस काम झालं होतं. मी खूष होते. खूषच होते, आता नाही कशाला म्हणू.

हे आले, जेवले आणि छापायला बसले. ताटल्या हलवायला मी नेहमी शेजारी असायची. लाल उजेडात कागद पाण्यात पडला, आधी पाट वर आला, मग शालू, मग चेहरा. ह्यांना वण गेलेले दिसले असणारच. मी उत्तरं तयार ठेवली होती. हे चिडतील, मग मी हे बोलेन, मग ते बोलेन.

हे कागदावर वाकले आणि म्हणाले, "खळी कुठे गेली?"

"कसली खळी?"

"तुझी. डाव्या गालावरची."

"मला खळी नाही."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला नाक नाही असं मी म्हटलं असतं तर पाहिलं असतं तसं. "अगो, असं काय करतेस? हसतेस तेव्हा पडते ना."

मी ताटली हलवायची थांबले. आरशात मी कुंकू लावते, भांग पाडते. आरशात बघून हसायला मला कधी काही कारण नव्हतं. चारचौघांत हसायची वेळ आली की पदर गालावर येतो, तो माझ्या हाताचा गुण आहे, मी लावून घेतलेला नाही. आईने कधी सांगितलं नाही. देवी यायच्या आधी होती की नंतर पडायला लागली, तिला तरी ठाऊक होतं का कोण जाणे.

"पण मी हसत नव्हते," मी म्हटलं. "मला राग आला होता. मला चांगलं आठवतंय."

"आला असेल. पण हसत होतीस." मग हे लग्नापासून कधी बोलले नव्हते तेवढं एका दमात बोलले. "कॅमेऱ्याच्या काचेवर माणूस उलटा दिसतो. उलटा दिसला की तो कोण, कसा, ते काही कळत नाही, नुसता उजेड नि सावल्या दिसतात. मुलगी बघायला आलो तेव्हा मान वर करायचा धीर झाला नव्हता मला. तुला नीट बघितली ती त्या कापडात, उलटी. फोकस करून परत येऊन बसणार होतो. तेवढ्यात ती खळी पडली. म्हटलं, जाईल. ती काच काढली, फोटोची प्लेट घातली, बाहेर आलो, तरी तू हसतच होतीस. मुंडावळ्या बांधून काळ्या कापडात शिरलेला नवरा बघून हसत असशील. मग हात थांबला नाही."

"मग सात वर्षांत सांगितलं का नाहीत?"

"तुला माहीत नाही हे मला कसं कळणार?" हे म्हणाले. "गाल तुझा."

 मी मेजाशी गेले आणि टर्पेंटाईनचा बोळा काचेवर फिरवला. दोन दिवसांचं काम दोन मिनिटांत पुसलं गेलं. पुन्हा छापलं. एकेक वण आपल्या जागी परत आला, आणि मधे माझं तोंड, उघडं, हसणारं. हो, हसतच होते. राग आठवतो आणि हसू दिसतं, यातलं खरं कुठलं ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. डाव्या गालावर मात्र जिथे खळीची कड असायला हवी तिथे एक करडा पुसट डाग होता. सुरीने नेलेलं परत आलं नाही. एकुलती एक प्रत सासूबाईंनी जाळली होती आणि एकुलती एक काच मी खरवडली.

ह्यांचा चेहरा उतरला. "राहू दे," म्हणाले, "बागायतदाराची पाठवू. तुझं कामही बघतील."

मला हवं होतं तेच ते म्हणत होते. आणि मी म्हटलं, "नाही. हीच जाऊ दे, आहे तशी."

का म्हटलं? खूप विचार केला आहे मी यावर. ह्यांना वाईट वाटलं म्हणून, हे एक झालं. मी केलेलं नुकसान मीच दाखवावं, हेही असेल. पण सात वर्षं एक माणूस माझ्या गालावर काहीतरी बघत होता आणि मी त्याला खड्डा समजून बुजवलं, याची मला इतकी शरम वाटत होती की वणांची शरम तिच्यापुढे आठवेना. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी फितूर झाले, असं त्यांना वाटलं.

दिवाळीनंतर पाकीट परत आलं. बक्षीस नव्हतं. सेहऱ्याच्या फोटोला चांगला अभिप्राय होता, चेहरा न दाखवता लग्न दाखवलं वगैरे. हे आठवडाभर तो कागद खिशात घेऊन हिंडत होते. तरीच्या फोटोला 'गर्दी फार' असं लिहिलं होतं. ते आम्ही सासूबाईंना सांगितलं नाही.

माझ्या फोटोमागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'वधूच्या चेहऱ्यावरील वण राखले, ते योग्य केले. मात्र डाव्या गालावर एवढीच जागा खरवडण्याचे कारण समजत नाही. तिथे काय होते?'

ह्यांनी ते वाचून मला दिलं. मी तीनदा वाचलं. मुंबईच्या जाणत्या माणसालाही समजत नव्हतं, यात मला थोडं समाधान वाटलं, पण थोडंच. कारण तो प्रश्न बरोबर होता. तिथे काय होतं?

मी आरशापुढे उभं राहून पाहिलं. दार लावून घेऊन हसून पाहिलं. असं ठरवून हसलेलं तोंड फार वाईट दिसतं, कुणी करू नये. खरं हसू आलं की आरशापर्यंत जाईतो संपतं. शेवटी हे म्हणाले, मी पुन्हा काढतो. मला स्टुडिओत खुर्चीवर बसवलं, स्वतः कापडात शिरले. मला हसू येईना. मग ह्यांनी काय करावं? घरी जाऊन जपून ठेवलेल्या मुंडावळ्या आणल्या, कपाळाला बांधल्या आणि पुन्हा कापडात डोकं घातलं. मी इतकी हसले की खुर्ची वाजली. चार प्लेटा झाल्या. धुऊन पाहिल्या तर चारही प्लेटांत माझ्या डाव्या गालावर पदर. हात केव्हा वर गेला ते मला कळलंही नव्हतं. ह्यांनी प्लेटा बाजूला ठेवल्या आणि मुंडावळ्या सोडल्या. त्यानंतर आम्ही तो नाद सोडला.

पेन्सिल मी सोडली नाही. पोट त्यावर होतं आणि हात चांगला होता. फक्त तेव्हापासून लग्नाची काच आली की आधी नवरीला स्टुडिओत बोलावून घ्यायची, समोर बसवायची, काहीबाही बोलून हसवायची, आणि मग कागदावर लिहून ठेवायची की हे ठेव, हे काढ. लोक म्हणायचे, बाईंचं डोकं फिरलंय. म्हणोत.

परीक्षकांनी प्रश्न विचारला आहे तर उत्तर द्यायला हवं, असं मला आपलं वाटत राहिलं. एका दुपारी मी पोस्टकार्ड घेतलं. मायना लिहिला. त्याखाली लिहिलं, 'तिथे खळी होती.' आणि थांबले. जी गोष्ट मी कधी पाहिलीच नाही तिची ग्वाही मी कशी देणार? मी कार्ड ह्यांच्यापुढे सरकवलं. ह्यांनी वाचलं, टाक उचलला, माझ्या ओळीखाली लिहिलं, 'मी पाहिली आहे,' आणि सही केली.

कार्ड टपालात टाकायचं म्हणून मी ते हातात घेऊन दारापर्यंत गेले, आणि तिथूनच परत फिरले. ते पेटीत आहे, फोटोच्या मागे. एवढा एकच पुरावा माझ्याकडे आहे, तो मुंबईला कशाला पाठवू?